भरल्या हाताला वाट

खानदेशात मी हौसेनं गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. लेणी बघणारे लोक जळगावला उतरतात, अजिंठा करून परत फिरतात, आणि घरी आल्यावर केळी आणि सोन्याच्या दुकानांबद्दल दोन ओळी लिहितात. मी लेणी बघितली नाहीत. मी एका कारखान्यात पोत्यांची थप्पी बघायला गेलो होतो. एका हिवाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत असा तीनदा गेलो. तिसऱ्यांदा मला कोणी बोलावलं नव्हतं.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. पुण्यात आम्ही तिघा मित्रांनी नोकऱ्या सोडून सल्ला देणारं एक ऑफिस काढलं होतं. कारखान्यानं कुठलं यंत्र घ्यावं, कुठलं घेऊ नये, हे सांगायचं. तेव्हा यांत्रिक हात नवे होते. रोबो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पत्र्याचा चालता माणूस यायचा, आणि मला प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागायचं की बाबा, तसं काही नाही. खांदा, कोपर आणि मनगट असलेला लोखंडाचा एक हात असतो, जमिनीला बोल्टनं आवळलेला. शिकवलेली हालचाल तो दिवसभर करत राहतो, बस.

जळगावच्या त्या कारखान्याच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. पाइप आणि ठिबकच्या नळ्या ज्यापासून होतात ते प्लास्टिकचे दाणे तिथे बनायचे आणि पंचवीस पंचवीस किलोच्या पोत्यांत भरले जायचे. भाऊंची अडचण अशी, की दरवर्षी कापसाचा हंगाम आला की हमालांची निम्मीअधिक टोळी जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांत, निघून जायची. त्यांनी मुंबईच्या प्रदर्शनात पोती उचलणारे दोन हात बघितले होते, एक जपानी आणि एक जर्मन, आणि दोन्ही त्यांच्या मनात भरले होते. कुठला घ्यायचा ते सांगायला मी.

जळगाव, पहिले दोन दिवस

डिसेंबर होता आणि आभाळ भरून आलेलं होतं. खानदेशातल्या उन्हाबद्दल इतकं ऐकलं होतं की मी स्वेटरच नेला नव्हता. स्टेशनातून बाहेर पडलो तर रिक्षावाले कानटोपी घालून बसलेले. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते, मळकट, ओलसर. गाव काही वाईट नव्हतं, पण मला त्या पहिल्या सकाळी तिथे एकही गोष्ट आवडली नाही. लॉजवर अंघोळीला गरम पाण्याची बादली मागितली, तर सांगितल्यावर तासाभरानं आली, आणि तोवर ती गार झाली होती.

कारखान्यात व्यवस्थापक चौधरी यांनी मला थेट गोडाऊनमध्ये नेलं. शिलाईच्या मशिनपासून थप्पीपर्यंत वीसेक पावलांचं अंतर. सहा हमाल डोक्यावर दोन दोन पोती घेऊन ये-जा करत होते. मी वही उघडली, गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे झालो. तोच कोणीतरी माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं. रागावून वळून बघितलं, तर साठीचा एक काटकुळा माणूस, डोक्याला मळकं मुंडासं, उजवा खांदा डाव्याहून चांगला दोन बोटं खाली गेलेला.

"साहेब, भरेल माणूसले वाट देवानी," तो म्हणाला.

हे नाना. मूळचे साक्रीकडचे. तरुणपणी तिथल्या बाजारात पोती वाहिली, मग जळगावला आले आणि इथेच राहिले. बोली मात्र त्यांनी गावाकडचीच ठेवली होती. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ चौधरींनी मला सांगितला. ज्याच्याजवळ वजन आहे त्याला वाट द्यायची, त्याला थांबवायचं नाही. वजन घेऊन चालणं सोपं, पण वजन घेऊन उभं राहणं माणसाला मारतं. म्हणून ज्याचे हात रिकामे त्यानंच बघायचं, त्यानंच सरकायचं. आमच्या मार्केट यार्डात हमाल ओरडतो तेव्हा आपण सरकतो, तेही त्याला चार शब्द सुनावून. इथे कोणी ओरडत नव्हतं. थोड्या वेळानं खुद्द भाऊ आले, तर तेही एका हमालाला बघून भिंतीला लागून उभे राहिले आणि तो गेल्यावर माझ्याशी बोलायला आले. मला गंमत वाटली. वहीत एका कोपऱ्यात मी ते लिहूनही ठेवलं, प्रवासात माणूस काहीबाही लिहून ठेवतो तसं.

सहा हमाल, पण मजुरीचे वाटे सात. हे दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं. टोळीचा मुकादम युसूफभाई, पन्नाशीचा धिप्पाड माणूस, मला घड्याळासकट बघून जरा सावध झाला होता. सातवा वाटा नानांचा होता. नाना पोती उचलत नव्हते, खांदा गेल्यापासून ते उचलणं त्यांना होतच नव्हतं. ते थप्पीपाशी उभे राहायचे, आणि पोतं पडलं की दोन्ही तळव्यांनी थापायचे, भाकरी थापतात तसं. कोपऱ्यात एक थाप, मध्ये दोन, मग पोत्याचा कान आत दुमडायचा आणि मागे व्हायचं. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन असं मोजत दिवसभर त्यांचं चालायचं.

मी युसूफभाईला जरा खवचटपणेच विचारलं, की या थापण्याला पूर्ण वाटा कशाला? युसूफभाईनं नानांना हाक मारून चहा प्यायला पाठवलं आणि थापण्याशिवाय चाळीसेक पोती माझ्यासमोर रचून दाखवली. ताज्या भरलेल्या पोत्यात हवा असते, ते फुगलेलं असतं. पाचव्या थराला थप्पी कलायला लागली आणि सहाव्याला सगळी बाजू घसरून माझ्या बुटांवर आली. माझा अंगठा पुढे आठवडाभर निळा होता. युसूफभाई म्हणाला, "आता लिहा वहीत." मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता नानांनी मला मेहरूणला, त्यांच्या घरी, भरीत खायला नेलं. तलावाच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर. नानांची बायको, तिला सगळे अक्का म्हणत, ती कापसाच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत बसली होती. आमच्याकडे वांग्याचं भरीत म्हणजे दही घालून वाटीभर, तोंडी लावायला. इथे भरीत हेच जेवण. लाकडी बडगीत ठेचलेलं, मिरची आणि कांद्याच्या पातीनं हिरवंगार, वर तेल, आणि बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्कानं न विचारता गुळाचा खडा पुढे केला. अख्ख्या खानदेशात मला मनापासून आवडलेली जागा कुठली असेल, तर ते घर आणि त्या पाटावर बसून खाल्लेली ती भाकरी.

जेवण झाल्यावर नानांनी विचारलं. मी त्याचीच वाट बघत होतो, आणि भीतही होतो.

"साहेब, त्यानाजोडे माणूस लागस का नही?"

त्या हाताशेजारी माणूस लागतो की नाही. टोळीतल्या बाकीच्यांचं काय, ते धडधाकट होते, त्यांना जिनिंगला कोणीही घेतलं असतं. नानांना कोण घेणार? युसूफभाईच्या टोळीनं त्यांचा वाटा ठेवला होता तो जुन्या ओळखीनं. हात आला की टोळी जाणार, आणि टोळी गेली की नाना गेले. अक्का भांडी आवरायची थांबली होती. मी म्हणालो, अजून ठरायचंय, उद्या धुळ्याला जाऊन बघणार आहे. असं गुळमुळीत बोलल्याची मला स्वतःचीच चीड आली.

धुळे, तिसरा दिवस

धुळ्याला सरकी पेंडीच्या एका कारखान्यात मुंबईच्या बंद पडलेल्या कंपनीतून आणलेला जुना जपानी हात चालू होता. भाऊंनी बघितलेल्या जपानी हाताचाच मोठा भाऊ म्हणा. एरंडोल, पारोळा करत एसटीनं गेलो. मोजायचा माझा पोलादी टेप गाडीत सीटखाली घसरला, तो तसाच राहिला. धुळ्याचे रस्ते आखीव, सरळ, आणि त्या दिवशी सगळेच्या सगळे रिकामे. पांझरेवरून असा वारा येत होता की स्टँडसमोर मी पहिलं काम काय केलं असेल, तर मफलर विकत घेतला. शेवभाजी मागवली. रश्श्यावर बोटभर लाल तवंग. थंडीत बरं वाटलं, पण संध्याकाळपर्यंत पोटानं त्याचा हिशेब घेतला.

कारखान्याच्या गेटवर चाळिशीचा पहारेकरी होता, सुकलाल नावाचा. त्यानं वही माझ्यापुढे सरकवली आणि नाव तुम्हीच लिहा म्हणाला. सलाम डाव्या हातानं केला. उजवा हात शालीखाली होता. थंडी आहे म्हणून असेल, असं मला वाटलं.

आतला हात बघण्यासारखा होता, नाही म्हणत नाही. पोतं पट्ट्यावरून येई, हात खाली वाकून लोखंडी पंज्यात ते धरी, अर्धं वळण घेई आणि लाकडी चौकटीवर ठेवी. ना घाम, ना उसासा. पण थप्पी बघा तर कललेली. मी तिथल्या इंजिनिअरला विचारलं, ही थापत कोण? तो म्हणाला, आता कोणी नाही, म्हणून पाच थरांच्या वर रचतच नाही. आधी होता एक माणूस. तुम्हाला गेटवर भेटला ना, तोच.

झालं होतं ते असं. हात थांबलेला दिसला, म्हणून सुकलाल थापायला आत गेला. हात बंद झाला नव्हता. पट्ट्यावर पोतं यायला उशीर झाला होता, आणि हात पोत्याची वाट बघत उभा होता. पोतं आलं. हाताला काय कळणार आत कोण आहे ते.

परत निघताना मी सुकलालपाशी दोन मिनिटं थांबलो. तोच म्हणाला की मालक चांगले आहेत, गेटवर तरी ठेवलंय. मला ते ऐकवेना. एसटीत पूर्ण वाटभर मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, भाऊ, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, शेवभाजी.

अहवाल

पुण्याला येऊन मी अहवाल लिहिला. जर्मन हातापुढे एक रूळ येतो. पोतं त्याखालून जाताना दाबलं जातं, हवा निघते, आणि हात ते आपणहून सरळ रचतो. चारी बाजूंनी जाळी, दार उघडलं की हात बंद. माणूस लागतच नाही. जपानी हात निम्म्याहून स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण त्याच्याबरोबर रूळ येत नाही, तिथे थापणारा माणूस उभा करावा लागतो. मी स्पष्ट लिहिलं की जर्मन घ्या. म्हणजेच मी लिहिलं की नानांना काढा. सुकलालचा शालीखालचा उजवा हात डोळ्यांपुढे होता म्हणून तसं लिहिलं, आणि लिहिताना अक्काची थांबलेली भांडी आठवत होती. दोन्ही खरं आहे.

एका वाक्यात घात झाला. 'जपानी हात घ्यायचा झाल्यास थापणारा एक अनुभवी माणूस लागेल, आणि ते धोक्याचे आहे.' भाऊंनी वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला. फोनवर मला म्हणाले, "अनुभवी माणूस आपल्याकडे आहेच की. नानांची सोयही होईल." त्यांना वाटलं मी खूश होईन. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. मी धोका सांगितला, दोनदा सांगितला. मग त्यांनी विचारलं की धोका नाहीसा करायचा काही उपाय असेल ना, तुम्ही इंजिनिअर आहात. आणि मी म्हणालो, आहे.

जळगाव, दुसऱ्यांदा

एप्रिलच्या शेवटी हात बसवायला गेलो. ज्या उन्हाबद्दल ऐकलं होतं ते आता भेटलं. सकाळी दहालाच रस्ते ओस. डांबर चपलेला चिकटायचं. गोडाऊनचे पत्रे इतके तापायचे की आत उभं राहिलं की कानशिलं ठणकायची. जेवणावरची वासनाच गेली होती, मी ताक आणि केळी यांवर राहिलो.

माझा उपाय असा होता. हाताभोवती जाळी, जाळीला माणूस जाईल एवढी एक फट. फटीबाहेर पाच पावलांवर एक खांब, खांबावर हिरवं बटण. हात पोतं ठेवणार, मग पुढचं पोतं उचलून वर थांबणार. नाना आत जाणार, थापणार, बाहेर येणार, बटण दाबणार. बटण दाबल्याशिवाय हात हलणार नाही. साधा उपाय, आणि मला त्याचा अभिमान होता. पोतं आधीच उचलून धरायचं अशासाठी, की तेवढेच दोन-तीन सेकंद वाचतात. पुण्याहून येतानाच मी ते डोक्यात पक्कं करून आलो होतो.

पूजा झाली. कोपराला हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ. टोळी आधीच पांगली होती, पण युसूफभाई बघायला आला होता. दारातच उभा राहिला. चहा आला तर म्हणाला, नको, आणि नानांच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला. पहिलं पोतं हातानं चौकटीवर ठेवलं, आणि नाना पुढे होऊन थाप मारून म्हणाले, "लाभ." भाऊंना फार आवडलं ते. सगळ्यांना पेढे वाटले.

दुपारनंतर नानांचा चेहरा उतरलेला दिसला. उन्हानं असेल म्हणून मी पाणी दिलं. ते नको म्हणाले. खांबापर्यंत पाच पावलं जायची, पाच यायची, त्यांचे गुडघे कुरकुरत होते हे मला दिसत होतं. पण ते गुडघ्यांबद्दल बोलत नव्हते. ते हाताकडे बघत होते. हात पोतं धरून वर थांबलेला, पंजा किंचित थरथरत होता, मोटारीमुळे थरथरतो तसा.

"त्याना हातमा वजन शे," नाना म्हणाले. "मी ये-जा करस, आन तो उभा ऱ्हास. माले बरं वाटत नही."

मी हसलो. चौधरीही हसले. मी नानांना समजावलं, की हे लोखंड आहे, याला दुखत नाही, दिवसभर धरून उभं केलं तरी चालेल. नाना मान डोलावत होते, पण त्यांना पटलेलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी भरल्या माणसाला कधी उभं केलं नव्हतं, आणि आता मीच त्यांना दर मिनिटाला दोनदा ते करायला लावत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हात जोडून मला विनंती केली की खांब जवळ आणा, म्हणजे लवकर होईल.

भाऊंनाही ते हवंच होतं, पोती जास्त निघतील म्हणून. मी नाही म्हणू शकत होतो. धुळ्याचं गेट बघून आलेला त्या कारखान्यात मी एकटाच होतो. पण गुडघे दिसत होते, ऊन दिसत होतं, नानांचे जोडलेले हात दिसत होते, आणि संध्याकाळची गाडी होती. मी खांब हलवला. जाळीच्या आत, थप्पीपासून दीड हातावर. नानांना दहा वेळा बजावलं की दोन्ही हात मागे घ्यायचे, मगच बटण. त्यांनी दहाही वेळा 'व्हय साहेब' म्हटलं. निघताना अक्कानं पाठवलेली कळण्याच्या पिठाची पुरचुंडी त्यांनी माझ्या हातात दिली.

जळगाव, तिसऱ्यांदा

श्रावणात चौधरींचा फोन आला. यंत्र ठीक चालू आहे, एक पंजा बदलायला लागेल, किती दिवसांत मिळेल? मी विचारलं, पंजा का बदलायचा? ते म्हणाले, "नानांच्या हाताला लागलं."

त्याच दिवशीच्या गाडीनं निघालो. मनमाडनंतर बाहेर सगळं हिरवं होतं, लोक खिडकीतून बघत होते. मला एक एक झाड छळत होतं. कारखान्यात न जाता सरळ मेहरूणला गेलो. तलाव भरला होता. अक्का दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, पदर सावरला आणि आत पाण्याला गेली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

नाना खाटेवर बसले होते. उजव्या हाताला मनगटापासून जाड पांढरं बांधलेलं. तीन बोटं गेली होती, अंगठा आणि करंगळी राहिली होती. काय झालं ते चौधरींनी फोनवर सांगितलं होतं, तरी मी नानांना विचारलं. त्यांनी मला करूनच दाखवलं. उजवा तळवा खाटेवर ठेवला, बांधलेला, थापल्यासारखा, आणि त्याच वेळी डावा हात बाजूला नेऊन हवेत एक बटण दाबलं. रोज असंच करत होते म्हणे, महिनाभर. शेवटची थाप पोत्यावर पडतापडताच डाव्या हातानं बटण. म्हणजे वर वजन धरलेल्या हाताला उभं राहायला लागू नये. त्या दिवशी पोत्याचा कान दुमडायला जरा उशीर झाला.

"त्यानी चूक नही साहेब," नाना म्हणाले. "त्याना हातमा वजन व्हतं. मीच आडवा उनू." म्हणजे मीच आडवा आलो.

मी तिथे बसलो होतो आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं, गणिताच्या पेपरातून बाहेर आल्यावर दिसतं तसं. हात रिकाम्या पंज्यानं थांबायला हवा होता. पट्ट्यापाशी, काही न धरता. नानांनी बटण दाबलं की मग पोतं उचलायचं. एवढंच. रिकाम्या हाताला नानांनी खुशाल उभं केलं असतं, पाच पावलं काय, पंधरा पावलं चालून बटण दाबायला गेले असते, आणि खांब हलवा म्हणून कधी म्हणाले नसते. त्यांना काय सलतंय ते त्यांनी मला तोंडानं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी माझं कोपर धरून सांगितलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलंसुद्धा होतं. बदल करायला पाच मिनिटं लागली असती. मी तेव्हा हसलो होतो.

हे मी नानांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? माफी मागितली. ती कशाबद्दल हे त्यांना कळलं नाही. ते म्हणाले, भाऊ चांगले आहेत, गेटवर ठेवतो म्हणालेत.

अक्कानं भाकरी केली होती. मी खाल्ली, म्हणजे गिळली. तिनं नानांना आपल्या हातानं घास भरवला आणि नानांनी माझ्याकडे बघून मान वळवली, परक्यासमोर लाज वाटते तशी. मग मी उठलो. जाण्याआधी कारखान्यात जाऊन त्या हाताला रिकामं थांबायला शिकवणार होतो; पंज्याच्या कामासाठी आणलेली उपकरणांची जड पेटी बरोबर होतीच. ती उचलली. नाना मला पोचवायला माझ्या आधीच दारापर्यंत गेले होते, आणि दार अरुंद होतं.

त्यांनी माझ्या हातातल्या पेटीकडे बघितलं. लगेच बाजूला सरकले, बांधलेला हात छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि मी पेटी घेऊन अंगणापलीकडे रस्त्याला लागेपर्यंत जागचे हलले नाहीत.